पोटाच्या घडीखालचं दुखणं

वजन उतरवलेल्या बाईला लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. काय खाल्लंस, काय सोडलंस, किती चाललीस, ऑपरेशन केलंस का तसंच उतरलं. पण वजन उतरल्यावर जी कातडी मागे राहते तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण ती कुणाला दिसतच नाही, ती साडीच्या निऱ्यांमागे असते, कुर्त्याच्या आत असते, आणि जिच्या अंगावर असते ती बाई सहसा घरातसुद्धा बोलत नाही. माझ्यासारख्या बायका सांगली-मिरजेत मला आता ओळखू यायला लागल्यात, आणि त्यातल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून हे सगळं जरा मोकळेपणाने लिहायचं ठरवलंय.

मी विश्रामबागला राहते, शाळेत शिकवते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन चढत गेलं ते ११६ किलोपर्यंत, सोबत शुगर, बीपी, गुडघे सगळंच आलं. मग स्लीव्हचं ऑपरेशन झालं, त्यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. त्यानंतर दोनेक वर्षांत मी ६७ वर आले. त्याबद्दल इथे फार लिहित नाही, त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. शुगरची गोळी बंद झाली, आमराईत फेऱ्या मारताना धाप लागेना, शाळेचे जिने सहज चढायला लागले, हा आनंद खरा होता आणि आजही आहे.

पण बेंबीखालून एक कातडीची झालर खाली लोंबायला लागली. आधी ती चरबीने भरलेली होती, आता रिकामी झाली, आणि रिकामी झाल्यावर जास्त खाली आली. उभी राहिले की मांड्यांच्या सुरुवातीपर्यंत यायची. चालताना हलायची, जिना उतरताना आपटायची, कुशीवर झोपलं की बाजूला घसरायची आणि पाठ ओढल्यासारखी व्हायची. परकराची नाडी नेमकी कुठे बांधायची हा रोजचा प्रश्न. वर बांधली तर घडी खाली सुटते, खाली बांधली तर नाडी घडीत रुतते आणि संध्याकाळपर्यंत तिथे लाल वळ उठतो.

आणि तिच्याखालचा घाम. सांगलीचा एप्रिल-मे ज्यांना माहितीय त्यांना जास्त सांगायला नको. कातडीवर कातडी टेकलेली, मध्ये हवा नाही, घाम सुकत नाही, दोन्ही बाजू एकमेकींवर घासतात, तिथे लाली येते, मग चिरा पडतात, मग बुरशी धरते. डॉक्टर याला इंटरट्रायगो म्हणतात. मी रोज सकाळी जुन्या मऊ सुती ओढणीची पट्टी करून घडीत ठेवायची, मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन ती बदलायची, पर्समध्ये दुसरी पट्टी आणि पावडर कायम. वर्गात शिकवताना आग व्हायची आणि हात तिकडे नेता यायचा नाही. सगळ्यात जास्त भीती वासाची. एसटीत कुणी शेजारी बसलं की मी खिडकीकडे सरकून बसायची. परिपाठाला मुलांसमोर उभं राहायचं, पाठ ताठ ठेवायची, राष्ट्रगीत संपेपर्यंत हलायचं नाही, तेव्हा घडीतला घाम खाली ओघळतोय हे कळत असायचं. स्वच्छता पाळत नाही म्हणून असं होतं असं कुणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाहीये, दिवसातून दोनदा अंघोळ करून, टॉवेलने टिपून, पंख्याखाली पडून राहूनसुद्धा होतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. असं काही झालं की मेडिकलमधून एखादी ट्यूब आणायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, आपल्याला वाटतं बरं वाटलं, आणि आत बुरशी पसरत राहते, वर कातडी पातळ होत जाते. स्किनच्या डॉक्टरबाईंनी मला पहिल्याच भेटीत हे समजावलं. त्यांनी साधं बुरशीचं मलम दिलं, गोळ्या दिल्या, चट्टे बरे व्हायचे, आणि औषध संपलं की महिन्याभरात परत यायचे. शेवटी त्याच म्हणाल्या, "मॅडम, मी चट्टे बरे करू शकते ओ, घडी नाही. घडी आहे तोवर हे येत राहणार. तुम्ही प्लास्टिक सर्जनला दाखवा."

प्लास्टिक सर्जन म्हटल्यावर माझ्या घरात काय झालं असेल ते ओळखीचं वाटेल बऱ्याच जणींना. मोठी जाऊ म्हणाली तिळाच्या तेलाने मालिश कर, आवळून येतंय. जिममधला मुलगा म्हणाला ताई प्लँक मारा. बहीण म्हणाली आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर कशाला पोट कापून घेतेस, तुला कोण बघायला येणार आहे. प्रेमानेच म्हणाली, काळजीपोटी म्हणाली, पण त्या वाक्यात सगळं होतं, की हे बघणाऱ्यासाठी करायचं असतं, आणि बघणारं कुणी नसेल तर करायचं कारण नाही.

मालिशने आणि व्यायामाने ती कातडी का जात नाही हे मला सर्जननी नीट सांगितलं. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू असतात, ताणलं की परत जागेवर आणायचं काम त्यांचं. कातडी वर्षानुवर्षं ताणलेली राहिली की हे तंतू तुटतात, विरळ होतात, आणि मग खालची चरबी गेली तरी कातडी मागे येत नाही. वय, अनुवंश, तंबाखू, किती वजन किती वर्षं होतं, सगळ्याचा त्यात हात. प्लँकने आतला स्नायू मजबूत होतो, चांगलंच आहे ते, पण कातडीत आकसून घ्यायला स्नायू नसतो. हे ऐकल्यावर मला खूप हलकं वाटलं. मी काहीतरी कमी करतेय, अजून थोडं चालले असते तर, अजून एक भाकरी कमी खाल्ली असती तर, हे जे सतत डोक्यात फिरायचं ते त्या दिवशी थांबलं.

सासूबाईंचं मात्र सांगायलाच हवं. त्यांचा विरोध सगळ्यात जास्त असेल असं आम्हाला वाटत होतं, वय ७८, देवाने दिलेलं शरीर वगैरे मानणाऱ्या. त्या मे महिन्यात चिरा इतक्या वाढल्या की रक्त यायला लागलं, मला वाकून मलम लावता येईना, हे शाळेच्या कामाला बाहेरगावी गेलेले, तेव्हा त्यांनीच खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, दाखव. बघून बराच वेळ बोलल्या नाहीत. मग मलम लावता लावता म्हणाल्या, "हे असं अंगावर घेऊन उभी राहतीस होय गं शाळेत?" आणि संध्याकाळी यांचा फोन आला तेव्हा माझ्यासमोरच सांगितलं, तिला मिरजेला घेऊन जायचं, पैशाचं नंतर बघू.

मिरजेला जायचं हे सांगली जिल्ह्यातच नाही तर पार विजापूर-बेळगावकडच्या लोकांच्या तोंडी असलेलं वाक्य आहे. १८९४ मध्ये तिथे वॉनलेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, पुढे मेडिकल कॉलेज आलं, आणि त्यांच्या आजूबाजूला गल्लोगल्ली दवाखाने उभे राहिले. मी ज्यांच्याकडे गेले त्या सर्जनच्या बाहेरही मराठीइतकंच कन्नड ऐकू येत होतं.

त्यांनी पहिल्या दिवशी ऑपरेशनची तारीख दिलीच नाही. आधी विचारलं वजन किती महिने स्थिर आहे. निदान सहा महिने काटा जागेवर हवा, नाहीतर आज काढलेली कातडी पुढे वजन उतरल्यावर परत सैल पडते, आणि वाढलं तर टाक्यांवर ताण येतो. मग रक्त तपासायला लावलं, हिमोग्लोबिन, बी१२, डी व्हिटॅमिन, प्रथिनं. जठर लहान केलेल्या माणसाला हे सगळं कमी पडतं आणि प्रथिनं कमी असली की जखम भरत नाही. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं, म्हणून दोन-अडीच महिने नुसतं अंगात भरण्यात गेले, अंडी, मटकीची उसळ, ताक, आईच्या हातचं हुलग्याचं माडगं, आणि लोहाची इंजेक्शनं.

त्यांचा पुढचा प्रश्न मला लक्षात ठेवण्यासारखा वाटला. "मिश्री लावता का?" सिगारेट ओढता का असं विचारून आपल्याकडच्या बायकांचं काहीच कळत नाही, मिश्री विचारावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. मी लावत नाही, पण बाहेर माझ्याशेजारी तासगावकडच्या एक मावशी बसल्या होत्या, त्यांचीही पोटाचीच तक्रार, त्या रोज दोन-तीनदा लावायच्या आणि ते तंबाखूत मोजतच नव्हत्या. कारण असं की या ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी खालून वर बरगड्यांच्या दिशेने सोडवून घेतात, तेव्हा तिला स्नायूंमधून येणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात आणि ती बाजूने येणाऱ्या रक्तावर जगते. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मग टाक्यांच्या मध्यावरची कातडी काळी पडून मरू शकते. म्हणून आधी निदान चार आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत मिश्री, तंबाखू, सिगारेट काहीच नको.

दोन वेगळी ऑपरेशनं असतात हेही मला तिथेच कळलं. एक पॅनिक्युलेक्टमी, त्यात फक्त लोंबणारी झालर काढतात. दुसरं अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी, लोक ज्याला टमी टक म्हणतात, त्यात कातडी काढायच्या जोडीला पोटाचे पुढचे दोन उभे स्नायू, जे बाळंतपणात एकमेकांपासून फाकलेले असतात, ते आतून टाके घालून जवळ आणतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. माझे स्नायू चांगलेच फाकलेले होते म्हणून दोन्ही एकाच वेळी करायचं ठरलं. आईला सगळं समजावलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बेंबीचं काय करतात गं?" बेंबी आतल्या देठाला तशीच धरून ठेवतात, वरची कातडी खाली ओढून घेतात आणि जिथे बेंबी येते तिथे नवं छिद्र पाडून तिला बाहेर काढून शिवतात. म्हणजे तीच राहते, म्हटलं. तिला बरं वाटलं. मलाही.

आणि हे काही आजकालचं फॅड नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १८९९ साली पोटावरची अशी लोंबणारी घडी आडवा छेद घेऊन काढल्याचं लिहून ठेवलंय. ब्राझीलच्या इव्हो पितांगींनी १९६७ मध्ये अशा ३०० ऑपरेशनांचा अनुभव मांडला. म्हणजे बायका घडीखाली फडकं ठेवून जगतायत आणि डॉक्टरांना ते माहिती आहे, याला सव्वाशे वर्षं होऊन गेली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उभं करून पेनाने पोटावर रेषा मारल्या, झोपल्यावर कातडी पसरते म्हणून हे उभ्यानेच करावं लागतं. आडवा छेद एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, अगदी खाली. काहींना मध्ये उभाही घ्यावा लागतो, मला नाही लागला. साडेतीन-चार तास गेले. काढलेली कातडी आणि चरबी सव्वाचार किलो भरली असं नंतर सांगितलं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. पोट इतकं ताणलेलं असतं की सरळ उभं राहता येत नाही, आठ-दहा दिवस मी भांगलण करून आलेल्या बाईसारखी कमरेत वाकून चालले. झोपायचं ते पाठीखाली आणि गुडघ्यांखाली उशा घेऊन. पहिल्याच संध्याकाळी धरून उभं केलं, चालवलं, कारण पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा या ऑपरेशनमधला सगळ्यात घाबरण्यासारखा धोका, त्यासाठी इंजेक्शनंही होती. खोकला आला की उशी पोटाशी धरायची. दोन्ही बाजूंना दोन ड्रेन. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये जी पोकळी होते तिथे पिवळसर पाणी साठतं, ते त्या नळ्यांतून डब्यात येतं. घरी आल्यावर हे काम यांनी घेतलं, रोज सकाळ-संध्याकाळ डबा रिकामा करून किती मिली आलं ते शंभर पानी वहीत लिहायचे, डावी, उजवी, रंग. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आल्यावर नळ्या काढल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या वहीतलं त्यांचं सावकाश काढलेलं अक्षर बघताना मला जे वाटलं ते मी अजून त्यांना नीट सांगू शकलेले नाही.

टाक्यांच्या मध्यावर, जिथे ताण सगळ्यात जास्त असतो, तिथे बोटाच्या पेराएवढी जखम उघडली. खूप वजन उतरवलेल्यांमध्ये असा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो हे आधीच सांगितलेलं होतं, तरी बघितल्यावर रडूच आलं. ड्रेसिंग करत करत ती आतून भरत आली, वेळ लागला पण भरली. पोटाचा पट्टा सहा आठवडे, जड उचलायचं नाही, पाण्याची कळशीसुद्धा नाही. बेंबीखालचा भाग बधिर झालाय, काही भागात हळूहळू जाणीव येतेय, काही भागात कदाचित येणार नाही. तिथे गरम पाण्याची पिशवी अजिबात लावायची नाही, भाजलेलं कळत नाही. व्रण अजून लालसर आहे, वर्ष-दीड वर्षात फिका होतो म्हणतात. तो जाणार नाही, आणि मला तो जायला नको आहे असंही नाही, फक्त त्याची मला अडचण वाटत नाही.

आता पैशाचं. विमा कंपनीने क्लेम नाकारला, एका ओळीत, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून. फाईलमध्ये स्किनच्या डॉक्टरांची दीड वर्षाची प्रिस्क्रिप्शन्स होती, चिरांचे तारखांसहित फोटो होते, जे काढताना मला काय वाटलं असेल ते कुणी समजून घ्यावं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये विम्यातून काय वगळता येतं याची भाषा एकसारखी केली, त्यात प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे हे खरं, पण त्याच कलमात अपवाद आहे, अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती, आणि तब्येतीला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी गरजेचे उपचार, तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तर. अमेरिकेत बऱ्याच विमा कंपन्या निदान झालर काढण्याचा खर्च तरी देतात, घडी ओटीपोटाच्या तळाशी, दोन्ही जांघांच्या मध्ये असलेल्या हाडाखाली येत असेल आणि औषधोपचार करूनही चट्टे परत परत येत असतील तर. माझं म्हणणं एवढंच आहे की लठ्ठपणा आजार धरून तुम्ही स्लीव्हचे पैसे दिलेत, मग त्याच आजाराने मागे ठेवलेली, रक्त येणारी कातडी ही माझी हौस कशी झाली? पुण्याला विमा लोकपालांकडे तक्रार दिलीय, तिथे फी नसते, वकील लागत नाही. निकाल यायचाय. तोवर पतसंस्थेचा हप्ता पगारातून जातोय.

हे आता बोलायची गरज जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. २०२५ मध्ये माउंजारो, वेगोवी ही वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात आली, आमच्या स्टाफरूममध्येही त्याची चौकशी चालू असते. वजन उतरेल, उतरावंच, मी कुणाला थांबवणार नाही. पण वजन जास्त होतं आणि खूप वर्षं होतं अशांना उतरवायच्या आधीच कुणीतरी सांगायला हवं की पुढे कातडीचा प्रश्न येऊ शकतो, त्यावर उपाय आहे, त्याचा खर्च आहे, आणि त्यासाठी लाजायचं कारण नाही. मला वजनाचं ऑपरेशन करताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

परवा पलूसहून एका बाईंचा फोन आला, माझ्या विद्यार्थिनीची आई, ४० किलो उतरलेत त्यांचे. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग हळूच म्हणाल्या, मॅडम, पोटाखाली जरा आग होतीय. मी त्यांना म्हटलं, आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जा, मेडिकलमधून ट्यूब आणू नका, चट्ट्यांचे फोटो तारखेसकट ठेवा, सगळी प्रिस्क्रिप्शन्स एका फाईलला लावा, मिश्री असेल तर आजच सोडा. सर्जन बघताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते बघा. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, नवऱ्याला काय सांगू? मी म्हटलं, त्यांना सोबतच घेऊन या, रविवारी, आमच्याकडेच या जेवायला, आमचे हे त्यांच्याशी बोलतील.